ऱ्ह

"चालत नाही."
पहिल्यांदा एवढंच लिहिलं होतं मी,
तेही रागाने, दोन उद्गारचिन्हं लावून,
एप्रिलअखेर, महालातल्या वाचनालयात,
कूलरच्या टाकीत पाणी नव्हतं तेव्हा.

उत्तर आलं. कुठून, ते माहीत नाही.
तिथे पहाट असावी.
"काय करत होता? काय व्हायला हवं होतं?
त्याऐवजी काय झालं?"
मला वाटलं, हा मला वेड्यात काढतोय.

बऱ्हाणपुरे काका खुर्चीत बसून ऐकत होते.
त्यांचीच पावती निघत नव्हती.
बाकी सहाशे बारा सभासदांची निघे,
खरखरत, तिरपी, पण निघे;
यांचं नाव आलं की पडदा पांढरा.

"बरोबर विचारून राह्यला तो," काका म्हणाले.
"अंबाझरीच्या फॅक्टरीत तीस वर्षं तपासनीस होतो मी.
माल खराब, एवढंच लिहिलं की साहेब कागद फेकून दे.
कोणत्या पाळीतला? कोणत्या मशीनवरचा?
किती सुतानं चुकला?
पहिलाच नग चुकला का चाळिसावा?
खराब म्हंजे काय बापा, खराब तर ऊनही आहे."

मग वही काढली, देणगीदारांची जुनी, मागची पानं कोरी.
प्रोग्रामची आवृत्ती शोधली. 'मदत'च्या तळाशी सापडली;
चार वर्षांत मी तिथे कधी उतरलेच नव्हते.
फॉन्ट कोणता, कीबोर्ड कोणता,
शेवटचं अपडेट: रामनवमीच्या आदल्या दिवशी.
त्याआधी चालत होतं का?
'आठवत नाही' असं लिहिलं.
तेवढे दोन शब्द लिहायला फार वेळ लागला.

माझा संशय कूलरवर.
चार वाजता व्होल्टेज पडतं, सगळ्या महालाला ठाऊक आहे.
बंद करून पाहिला, घाम पुसत, दोनदा.
पांढरंच.
मी प्रिंटरची केबलही बदलायला निघाले
तर काकांनी हात धरला:
"एका वेळी एकच. दोन बदलले
तर गुन्हा कोणावर टाकशील?"

काळ्या खिडकीतून प्रोग्राम सुरू केला.
मरण्याआधी त्याने त्रेचाळीस ओळी सांगितल्या.
एकही कळली नाही,
म्हणून एकही गाळली नाही.

मग नावच सोलत गेले.
पत्ता काढला, पडलं.
पुंडलिकराव काढलं, पडलं.
'पुरे' काढलं, मग 'ब', मग 'णप'.
शेवटी उरलं फक्त ऱ्ह.
अर्धा र, पापणीएवढा, आणि त्याच्या आडोशाला ह.
तेवढं एकटं टाईप केलं.
पांढरं.

"म्हंजे वऱ्हाडही निघणार नाही यातून!"
काका इतके हसले की
वर्तमानपत्रवाल्या टेबलावरचे दोघे उठून आले.
टाईप करून पाहिलं. नाही निघालं.

पाठवायच्या आधी थांबले.
फाइलमध्ये सगळ्यांचे फोन होते,
कोणी काय वाचलं तेही.
काका पत्नीच्या माघारी
पाककृतींची पुस्तकं नेतात, एकेक, गपचूप;
हे जगाने का वाचावं?
सगळं पुसलं. एक खोटा सभासद केला,
नाव ऱ्ह, पत्ता नाही, दंड दोन रुपये.
त्याच्यासकट सगळं पाठवून दिलं.

तिसऱ्या दिवशी एक ओळ आली:
"माझ्याकडेही पडलं."

काकांना वाचून दाखवली.
"म्हंजे दुरुस्त झालं?"
"नाही. पण त्याच्याकडेही पडलं."
ते खुर्चीत ताठ बसले,
पाळी संपल्याचा भोंगा ऐकावा तसे,
आणि म्हणाले, पुन्हा वाच.

त्या दिवशीही पावती हातानेच केली.
बऱ्हाणपुरे.
पापणी जरा लांब ओढली गेली.